चौ एन-लाय

(५ मार्च १८९८–८ जानेवारी १९७६). चिनी साम्यवादी पक्षाचा एक अग्रगण्य नेता, चीनच्या लोक-प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान (१९४९–७६) व परराष्ट्रमंत्री (१९४९–५८). चिनी साम्यवादी क्रांतीचे नेतृत्व माओ-त्से-तुंगकडे असले, तरी क्रांतीतून निर्माण झालेले राज्य चालविण्याचे व त्याचे इतर राष्ट्रांशी संबंध जोडण्याचे काम मुख्यतः चौने केले. सु. चाळीस वर्षे त्याने माओचे वर्चस्व मान्य करून दुय्यम स्थान पत्करले. त्याच्या प्रभावाचे व त्याच्या मर्यादांचेही मूळ त्यातच आहे.

त्याचा जन्म च्यांगसू प्रांतातील ह्वायआन येथे एका पिढीजात अधिकारी, पण उतरती कळा लागलेल्या घराण्यात झाला. जन्मदाती व दत्तक अशा दोन्ही मातांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे तो चुलत्याकडे वाढला. तिन्‌त्सिन येथील नानकाय विद्यालयात शिक्षण घेऊन तो १९१७ मध्ये जपानला गेला. १९१९ च्या ४ मे च्या चळवळीच्या सुमारास तो स्वदेशी परतला व विद्यार्थी-आंदोलनात भाग घेतल्याबद्दल १९२० मध्ये त्याला काही महिने तुरुंगवास घडला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो फ्रान्सला गेला. तेथे चिनी विद्यार्थी व कामगार यांच्यामध्ये त्याने साम्यवादी गटाची उभारणी केली. १९२४ मध्ये परतल्यावर व्हाम्पोआ लष्करी प्रबोधिनीच्या राजकीय विभागाची सूत्रे त्याच्याकडे आली. क्वोमिंतांग व साम्यवादी पक्ष यांच्या सहकार्याचा हा काळ होता. १९२५ मध्ये त्याने डंग यिंग-चाव ह्या कार्यकर्तीशी विवाह केला.

मार्च १९२७ मध्ये शांघायमधील कामगारांच्या उठावाच्या संघटनेत चौ आघाडीवर होता. परंतु १२ एप्रिल रोजी च्यांग कै-शेकने साम्यवाद्यांची कत्तल आरंभिली आणि चौ जेमतेम निसटला. १ ऑगस्ट १९२७ च्या नानचांग येथील सशस्त्र उठावाचा तो एक सूत्रधार होता. त्यानंतरच्या भूमिगत काळात त्याने पक्षाची गुप्त यंत्रणा उभारली. ह्या यंत्रणेतील एक प्रमुख १९३१ मध्ये शत्रूला मिळाला, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांना चौच्या आदेशावरून ठार मारण्यात आले. चौच्या सौजन्याचा पुढे जगभर लौकिक झाला. त्यामागे हे कठोर अंगही होते. क्यांगसीमधील तळावर त्याचे स्थान काही काळ माओहून वरचे होते. तेथील लष्करी पराभवानंतर ऑक्टोबर १९३४ मध्ये दीर्घ संचलन सुरू झाले. जानेवारी १९३५ च्या त्सुन्यी परिषदेत चौने अपयशातील आपला वाटा मान्य करून माओला पाठिंबा दिला. ह्या निर्णयामुळे माओच्या उदयाचा मार्ग मोकळा झाला.

वाटाघाटी हे चौचे खरे कार्यक्षेत्र होते. डिसेंबर १९३६ मध्ये सीआन येथे बंडखोर सेनापतींनी च्यांगला ओलीस धरले असता चौ तेथे गेला आणि जपानविरोधी संयुक्त आघाडीच्या अपेक्षेने त्याच्या सुटकेस त्याने साहाय्य केले. युद्धकाळात त्याने चुंगकिंग ह्या राजधानीत पक्षाचे प्रतिनिधित्व केले. तेथे परदेशी वार्ताहर व मुत्सद्दी यांच्याशी त्याचे निकटचे संबंध आले. १९४६ मध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी जनरल मार्शल याच्या मध्यस्थीने चाललेल्या वाटाघाटीही त्यानेच केल्या. त्या निष्फळ ठरून यादवी युद्ध भडकले व १ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

नव्या राज्याने प्रथम सोव्हिएट रशियाची कास धरली. १४ फेब्रुवारी १९५० च्या चीन-सोव्हिएट मैत्री करारावर चौने सही केली. कोरियन युद्धात अमेरिकी सैन्य ३८ अक्षांश ओलांडील, तर चीन स्वस्थ बसणार नाही, असा इशारा त्याने ऑक्टोबर १९५० च्या आरंभी भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांच्यामार्फत दिला. अमेरिकेने तो गंभीरपणे घेतला नाही आणि त्याच महिन्यात चिनी सैन्य कोरियात उतरले. १९५४ च्या जिनीव्हा परिषदेत चीन प्रथमच एक महत्त्वाचे राष्ट्र म्हणून वावरला. व्हिएटनामच्या तात्पुरत्या विभाजनास उत्तर व्हिएटनामची संमती मिळविण्यात चौचा मोठा वाटा होता. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी परिषदेत काही प्रतिनिधींनी साम्यवादावर टीका केली असता, आपण मतभेद वाढविण्यासाठी नव्हे, तर समान भूमिका शोधण्यासाठी आलो आहोत, असे प्रतिपादन करून त्याने वातावरण बदलले.

भारताशी असलेल्या संबंधांत मात्र हे कौशल्य अपुरे पडले. २९ एप्रिल १९५४ च्या तिबेटविषयक करारात पंचशील तत्त्वांचा समावेश झाला व त्याच वर्षी जूनमध्ये चौने दिल्लीला भेट दिली. परंतु ह्या करारात सीमेचा प्रश्न अनिर्णित राहिला. अक्साई चीनमधून चीनने काढलेला रस्ता, मार्च १९५९ मधील तिबेटचा उठाव व दलाई लामांना भारताने दिलेला आश्रय आणि त्याच वर्षीच्या सीमेवरील चकमकी यांमुळे परस्परविश्वास संपुष्टात आला. एप्रिल १९६० मध्ये दिल्लीत नेहरूंशी झालेल्या चर्चेत पूर्वेकडील वस्तुस्थिती चीनने व पश्चिमेकडील वस्तुस्थिती भारताने मान्य करावी, अशा अर्थाची तडजोड चौने सूचित केली. अक्साई चीन हा आपला प्रदेश असून तो गमावणे ही तडजोड होऊ शकत नाही, अशी भारताची भूमिका होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठे आक्रमण केले व २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. ब्रह्मदेश, नेपाळ व पाकिस्तान यांच्याशी चीनने १९६० ते १९६३ ह्या काळात सीमाकरार केले. भारताशी सीमाप्रश्न मात्र चौच्या हयातीत सुटला नाही.

अंतर्गत राजकारणात चौ सावध होता. १९५६ मध्ये त्याने अर्थव्यवस्थेतील अविचारी घाईला विरोध केला. पण १९५८ मध्ये माओच्या रोषामुळे त्याला जाहीर आत्मटीका करावी लागली. ‘मोठी झेप’ ह्या मोहिमेतून भीषण दुष्काळ उद्‌भवला. तिच्यावर टीका करणाऱ्या फंग ड-ह्वाय ह्या संरक्षणमंत्र्याची १९५९ मध्ये गच्छंती झाली, तेव्हा चौने माओची बाजू घेतली. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) त्याने शासनयंत्रणा कशीबशी चालू ठेवली व काही व्यक्तींना आणि प्राचीन वास्तूंना संरक्षण दिले. त्याचबरोबर ल्यू शाओ-ची ह्या राष्ट्राध्यक्षाच्या हकालपट्टीलाही त्याने संमती दिली. त्याची मानसकन्या सुन वै-श्री हिचा १९६८ मध्ये तुरुंगात अंत झाला. तिलाही तो वाचवू शकला नाही. त्याच्या संयमामुळे अनर्थाची तीव्रता कमी झाली, की त्याच्या सहकार्यामुळे तो अनर्थ दीर्घकाळ टिकला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

ह्या उत्पातात परराष्ट्रसंबंधही जवळजवळ खुंटले होते. बहुतेक चिनी राजदूतांना परत बोलाविण्यात आले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये पीकिंगमधील (बीजिंग) ब्रिटिश वकिलात जाळण्यात आली. १९६९ मध्ये उसुरी नदीवर चिनी व सोव्हिएट सैन्यांत चकमकी झाल्या. सोव्हिएट धोक्यामुळे माओ अमेरिकेकडे वळला व हे धोरण चौने कुशलतेने प्रत्यक्षात आणले. जुलै १९७१ मध्ये हेन्‍री किसिंजरशी त्याची गुप्त बोलणी झाली. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी चीनला संयुक्त राष्ट्रसंघातील स्थान मिळाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सनने चीनला भेट दिली. त्या वेळच्या शांघाय निवेदनात दोन्ही पक्षांनी तैवानविषयीच्या आपापल्या भूमिका स्वतंत्रपणे मांडल्या. मतभेद न लपविता संबंध प्रस्थापित करण्याची ही पद्धत चौच्या मुत्सद्देगिरीची द्योतक आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानशीही राजनैतिक संबंध जोडले गेले.

ह्याच यशानंतर १९७३ च्या अखेरीस, अमेरिकेपुढे तो नमला, असा आरोप ठेवून माओच्या प्रेरणेने वरिष्ठ नेत्यांच्या बैठकीत त्याच्यावर कठोर टीका करण्यात आली. कर्करोगाने ग्रासलेला असतानाही जानेवारी १९७५ मध्ये त्याने शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान-तंत्रविद्या ह्या चार क्षेत्रांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम पुन्हा मांडला व डंग श्याव-पिंगकडे कारभार सोपविला. पीकिंग येथे त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा विखुरण्यात आली. एप्रिल १९७६ मध्ये त्याच्या स्मृतीसाठी त्येनआनमन चौकात जमलेल्या प्रचंड समुदायाने सत्ताधारी जहाल गटाविरुद्ध असंतोष प्रकट केला. तो दडपण्यात आला आणि डंगलाही पदच्युत करण्यात आले. तथापि माओच्या मृत्यूनंतर जहाल गट सत्ताभ्रष्ट झाला व १९७८ पासून डंगने चार आधुनिकीकरणांचा कार्यक्रम राष्ट्रीय धोरण म्हणून राबविला. हयातीत चौने माओच्या धोरणाला उघड आव्हान कधीच दिले नाही. त्याच्या शोकासाठी जमलेल्या लोकांनी मात्र ते दिले.