जाधवांची लेक



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बँकेचे अर्ज भरायचे होते, म्हणून आम्ही एकेकीला पूर्ण नाव विचारत होतो. बारा जणींत तीन जाधव निघाल्या. एक गावातल्या मराठा घरातली, एक बौद्ध वस्तीतली आणि एक तांड्यावरची बंजारा. तिघींचं आपसात नातं काही नाही, आडनाव मात्र एकच. तेवढ्यात चौथी म्हणाली, "अर्जावर शिंदे लिहा, पण मी पण जाधवच. माहेरची." मग थांबून म्हणाली, "होते म्हणायचं. आता कुठं राहिले?" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. का, ते शेवटी सांगतो. आधी या आडनावाची गोष्ट ऐका.

जाधव हा शब्द 'यादव' वरून आला. यादव म्हणजे यदूच्या वंशातला. श्रीकृष्णाचं कुळ तेच. आपल्या बोलीत 'य' चा 'ज' सहज होतो. यात्रेची आपण जत्रा केली, योग्याचा जोगी केला, यंत्राचं जंतर केलं. तसंच यादवाचं जादव झालं आणि पुढं जाधव.

यादव म्हटलं की आपल्या मराठवाड्याला देवगिरी आठवते. आज ज्याला आपण दौलताबाद म्हणतो तोच हा किल्ला. बाराव्या शतकाच्या शेवटी यादव राजांनी तिथं राजधानी केली. रामचंद्रदेव यादवाच्या काळात, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी लिहून झाली आणि तिच्या शेवटी या राजाचं नाव आलेलं आहे. पुढं १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. राज्य गेलं, नाव राहिलं. भोकरदन तालुक्यात आन्व्याचं जुनं दगडी महादेव मंदिर आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलंय. ज्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो, ते नाव यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्यावरून पडलं.

आता आपल्या उशालाच असलेल्या सिंदखेडराजाकडं येऊ. जिल्हा बुलडाणा, पण जालन्याहून जवळच. सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीतले मोठे सरदार. आपलं घराणं देवगिरीच्या यादवांचं, असं ते मानत. त्यांची आणि म्हाळसाबाईंची लेक जिजाबाई १२ जानेवारी १५९८ ला तिथं जन्मली. दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी केवढी गर्दी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. जिजाऊ लग्न होऊन भोसल्यांच्या घरी गेल्या. पुढं १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजींना दगा झाला आणि मुलांसकट त्यांना मारलं गेलं. हे घडलं दौलताबादच्या किल्ल्यात. ज्या देवगिरीचं नाव जाधव सांगत, तिथंच जाधवांचं रक्त सांडलं.

जिजाऊंचं सगळं आयुष्य भोसल्यांच्या घरात गेलं. स्वराज्य उभं राहिलं ते भोसल्यांच्या नावानं. तरी आज चारशे वर्षांनी जन्मदिवस साजरा होतो तो सिंदखेडला, माहेरी. त्यांना 'जाधवांची लेक' म्हणताना कुणी म्हणत नाही की लग्न झालं, आता तुमचं सिंदखेडशी काय?

मग तुम्ही विचाराल, राजाचं आणि सरदाराचं हे आडनाव सगळ्या वस्त्यांत कसं? आडनाव म्हणजे काही रक्ताची पावती नव्हे. एकच आडनाव वेगवेगळ्या समाजांत आपापल्या वाटेनं आलेलं असतं. तांड्यावर राठोड, पवार, चव्हाण यांच्या जोडीनं जाधव आहेतच. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, मराठा घरातले. 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ नरेंद्र जाधव दलित कुटुंबातले. आडनाव एक, आणि ते ज्याचं त्याचं हक्काचं. म्हणून नुसतं आडनाव ऐकून "कोणते जाधव?" असं विचारायची आपली जी सवय आहे, ती जरा तपासून पाहू. त्या प्रश्नात आपल्याला खरं काय विचारायचं असतं, ते आपल्याला माहीत असतं.

पूर्वी गावात आडनावावाचून फारसं अडत नव्हतं. अमक्याचा तमका म्हटलं की भागायचं. आडनाव पक्कं झालं ते कागदानं. शाळेचा दाखला, जमिनीचं दप्तर, मतदारयादी, रेशनकार्ड. आणि कागदात बाई आली ती कुणाच्या तरी पाठीमागं. जुन्या सातबाऱ्यावर बाईच्या नावापुढं 'भ्र.' असं लिहिलेलं पाहिलंय ना? भ्र. म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा. पुरुषाच्या नावापुढं कधी बायकोचं नाव नसतं.

यामुळं आजही आपली फजिती होते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. त्यात इंग्रजी स्पेलिंग. जाधवच्या शेवटी आपल्याकडं 'ए व्ही' लिहितात, वऱ्हाडाकडं 'ए ओ'. माहेर वऱ्हाडातलं असलं की एकाच घरातल्या दोघींचं आडनाव संगणकाला वेगळं वाटतं आणि अर्ज परत येतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि मग सगळे कागद एकसारखे करा. नसेल बदलायचं, तर माहेरचंच नाव सगळीकडं ठेवा. अर्धं इकडं अर्धं तिकडं ठेवू नका.

आडनाव बापाकडूनच यावं, बाईचं मागं राहू नये, अशी रीत सगळ्या जगात आहे का? नाही. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथला किकुयू हा मोठा शेतकरी समाज. त्यांच्या कथेत गिकुयू आणि मुंबी हे पहिले नवरा-बायको. त्यांच्या लेकींच्या नावांवरून सगळी कुळं ओळखली जातात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात, दुसरीला आईच्या आईचं. म्हणजे आजीचं नाव नातीच्या तोंडी राहतं. आपल्याकडंही वारं बदलतंय. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे.

आता त्या चौथ्या मैत्रिणीकडं येऊ. बैठक संपल्यावर तिनं पिशवीतून एक कागद काढला. हक्कसोडपत्र. भावानं सही मागितली होती. तो म्हणाला होता, "तू आता शिंदे. जाधवांच्या जमिनीत तुझं नाव कसं लागेल?" आणि तिला ते खरं वाटलं होतं.

मैत्रिणींनो, ते खरं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. तो जन्मानं येतो, आडनावानं नाही, म्हणून लग्नानं जात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क राहतो असं सांगितलं. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल, तर मात्र ती मोडता येत नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईला मोफत सल्ला मिळतो. तिथं कागद दाखवा, मग पुढचं ठरवा.

तिनं सही करायची की नाही, ते तिचं ती ठरवील. भावावर माया असेल, राखी असेल, भाऊबीज असेल. कुणी आनंदानं सोडलं तर आम्ही काही म्हणणार नाही. पण आडनाव गेलं म्हणजे हक्क गेला, या समजुतीवर सही नको. आम्ही तिला एवढंच सांगितलं. तिनं कागद घडी करून परत पिशवीत ठेवला आणि गटाच्या वहीवर सही केली. पहिल्यांदाच दोन्ही आडनावं लिहून.

पुढच्या बैठकीला येताना आपापले तिन्ही कागद घेऊन या. दाखला, आधार आणि पासबुक. एकत्र बसून बघू, आपलं नाव कुठं काय लिहिलंय.

रामराम.