बालिंट-गटाची कुळकथा

दुसऱ्यांचे दुःख नित्य ऐकण्याचे ज्यांनी पत्करले आहे, अशा डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवकांना काही वर्षांनी जो आतला शीण ग्रासतो, त्याची शास्त्रीय नोंद न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली केली. परंतु त्या शिणावर आज अनेक देशांत योजल्या जाणाऱ्या बालिंट-गट नामक उपायाचे मूळ शोधू गेल्यास त्याहून चार दशके मागे, बुडापेस्टला जावे लागते.

मायकेल बालिंट हे त्या शहरातील एका सामान्य डॉक्टरचे चिरंजीव. शांदोर फेरेन्त्सी यांच्या ज्या परंपरेत त्यांनी मनोविश्लेषणाचे अध्ययन केले, तीत रुग्णाविषयी शिकाऊ चिकित्सकाच्या मनात उठणारा राग, कीव वा भीती ही लपविण्याजोगी उणीव न मानता अभ्यासाची सामग्री मानली जाई. आणि तीच दृष्टी रोजचा दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांस द्यावी, या हेतूने १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी एक चर्चामंडळ भरविले. तथापि प्रत्येक बैठकीची इत्तला पोलिसांस दिलीच पाहिजे, असा राजवटीचा हुकूम सुटला, आणि साध्या वेषातला अंमलदार तेथे बसून सर्वांचे बोलणे टिपून घेऊ लागला. अमका रुग्ण दारात दिसताच माझ्या कपाळाची शीर उठते, हे व्यवसायबंधूंपुढे कबूल करणेही जेथे जड, तेथे ते सरकारी दप्तरात रुजू होत असताना कोण बोलणार? मंडळ मोडले. १९३९ साली बालिंट इंग्लंडला गेले.

वैवाहिक कलहांनी गांजलेल्या कुटुंबांत काम करणाऱ्या समाजसेवकांसाठी एनिड आइखहोल्ट्झ यांनी लंडनमध्ये १९४८ पासून आरंभिलेल्या कार्यात पुढे बालिंट सहभागी झाले (१९५३ साली दोघे विवाहबद्ध झाले), आणि त्या अनुभवाच्या बळावर १९५० मध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिकात डॉक्टरांची बैठक त्यांनी नव्याने भरविली. शिरस्ता साधा होता: आठवड्यातून एकदा जमावे, एकाने टिपणे वा केसपेपर हाती न घेता मनात रेंगाळणाऱ्या रुग्णाविषयी सांगावे, आणि त्या दोघांत काय घडते आहे याचा इतरांनी विचार करावा. कागद दूर ठेवण्याचा हा नियम मला फार मार्मिक वाटतो, कारण स्मरणातून बोलताना माणूस काय विसरतो, कोठे अडखळतो, कोणावर चिडतो, यातच त्या नात्याची प्रकृती कळते. डॉक्टर स्वतः हेच सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध असून त्याची मात्रा आणि त्याचे अपाय कोणत्याही ग्रंथात नमूद नाहीत, हा या बैठकींतून निघालेला सिद्धांत बालिंट यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

डॉक्टरांचा शीण घालविणे हा त्यांचा मूळ उद्देश नव्हता. रुग्ण अधिक नीट समजावा, यासाठी हा सारा खटाटोप होता. थकलेल्या परिचारिकेस रजा घ्या, मन रमवा, असे सांगून तिचा भार पुन्हा तिच्याच माथी देणाऱ्या उपदेशापेक्षा हा मार्ग मला अधिक माणुसकीचा वाटतो तो याचमुळे, की तिची झोप उडविणारा रुग्ण येथे सर्वांच्या चिंतेचा विषय होतो.

ब्रिटनमध्ये बालिंट सोसायटी १९६९ साली स्थापन झाली. पुढच्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी बालिंट निवर्तले. त्यानंतर अनेक गटांनी एका प्रथेची भर घातली: हकीकत सांगून झाली की निवेदकाने खुर्ची मागे सरकवून काही वेळ केवळ ऐकावे, कारण प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली की तो स्वतःचा बचाव करू लागतो आणि रुग्णाचा विचार राहून जातो.