राजुऱ्याचा मोह : नफा कोणत्या कामात राहिला

राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. सरकारे बदलली, तरी माणिकगडच्या डोंगरातील गोंड आणि कोलाम कुटुंबांचा उन्हाळा मोहावरच चालला.

मार्चअखेरीस फूल गळू लागते. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा मोकळी करायची, पहाटे टोपली घेऊन फुले वेचायची आणि अंगणात वाळवायची, हा जुना शिरस्ता. वाळल्यावर वजन निम्म्याहून खाली येते. वाळलेले फूल उकडून किंवा भाजून खाल्ले जाई, भाकरीत आणि लाडवात पडे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की त्याच्यावर दिवस निघत. पुढे फळातील टोरीचे, म्हणजे बियांचे, तेल स्वयंपाकाला येई.

बाजारातला मोह मात्र मुख्यतः दारूसाठी जाई. हैदराबाद राज्यात आबकारी हे महसुलाचे मोठे साधन होते आणि गाळप-विक्रीचे हक्क गुत्तेदार घेत. 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी सावकारी कर्ज आणि हातची गेलेली जमीन यांची नोंद केली आहे. कर्ज फेडायचे असलेल्या घराला माल राखता येत नाही. एप्रिलमध्ये भाव पडलेला असताना मोह विकायचा आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने उधार आणायचा, हा जंगलपट्ट्यातला नेहमीचा व्यवहार. वेचणाऱ्याला मजुरी सुटे, नफा साठवणाऱ्याकडे जाई. महाराष्ट्रात मोहफुलांची साठवण आणि वाहतूक 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या बंधनात राहिल्याने माल राखणे आणखी अवघड झाले.

चारोळीचेही तेच. चारोळीच्या झाडाचे, म्हणजे चाराचे, बी तसेच विकले तर थोडके पैसे येतात. जात्यावर हलक्या हाताने भरडून, टरफल पाखडून गर काढला की किलोला कितीतरी पट भाव मिळतो. बी मात्र गावातून जाई आणि फोडण्याचे काम बाहेर होई.

कायद्याने चित्र हळूहळू बदलले. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला. वाळलेल्या मोहफुलाचा केंद्राचा आधारभूत भाव 2020 मध्ये किलोला 17 रुपयांवरून 30 रुपये झाला. 2018 पासूनच्या वनधन योजनेत सुमारे 300 सदस्यांचे एक केंद्र धरून वनोपज निवडणे, वाळवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे यांना साहाय्य मिळते. 2021 मध्ये राज्याने मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले.

आता मोहाचे लाडू, सरबत, जॅम असे पदार्थ बचतगटांच्या दुकानांत दिसतात. पण नवा पदार्थ काढला की बाटली, लेबल, परवाना आणि गिऱ्हाईक हे सगळे नव्याने उभे करावे लागते. त्याआधीची कामे कमी भांडवलाची आहेत : झाडाखाली जाळी बांधून माती न लागलेले फूल मिळवणे, ते नीट वाळवून पावसाळ्यापर्यंत कोरडे ठेवणे आणि चारोळी गावातच फोडणे. राजुऱ्याच्या मोहाचा नफा पिढ्यान्‌पिढ्या साठवणीत आणि चारोळीचा फोडण्यात होता, आणि नेमकी तीच कामे वेचणाऱ्याच्या हातात नव्हती. लहान गटाने पहिले भांडवल तिथेच घालावे.