पूरसंरक्षण : शासनाच्या जबाबदारीची चार अंगे

१. प्रश्नाची मांडणी

मोठा पूर ओसरला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. 'पाऊसच एवढा झाला, कोणाचा काय इलाज?' हे एक आणि 'हे सरकारचे पाप आहे' हे दुसरे. पाऊस किती पडावा हे शासनाच्या हाती नाही, हे उघड आहे. पण पडलेले पाणी कोठे साठवायचे, केव्हा सोडायचे, कोणत्या वाटेने जाऊ द्यायचे आणि त्या वाटेत काय उभे राहू द्यायचे, यांतला जवळपास प्रत्येक निर्णय कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयात होतो. म्हणून 'शासन जबाबदार आहे का?' हा प्रश्न फार ढोबळ आहे. शासन नेमके कशाला जबाबदार आहे, त्या जबाबदारीची मर्यादा कोणती आणि ती पार पडली नाही तर उत्तर कोणी द्यायचे, हे तीन प्रश्न सुटे करून तपासले पाहिजेत.

या जबाबदारीची चार अंगे आहेत : बांधणी, निगा, परिचालन आणि नियमन. आपल्याकडे निधी, प्रतिष्ठा आणि राजकीय लक्ष हे सगळे बांधणीच्या वाट्याला येते. उरलेली तीन अंगे उपाशी राहतात आणि अलीकडच्या आपत्तींत माणसे मुख्यतः त्यांतल्या हयगयीने मरतात, असे माझे प्रतिपादन आहे.

२. हे काम शासनाचेच का?

नदीकाठच्या एका शेतकऱ्याने आपले शेत वाचवायला बांध उंच केला, तर पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर किंवा खालच्या शिवारात शिरते. पुरापासूनचे खाजगी संरक्षण बऱ्याचदा दुसऱ्याच्या नुकसानीवर उभे असते. उलट, साऱ्या काठाला उपयोगी पडेल असे काम उभारायचे, तर जमीन संपादन करावी लागते, वरच्या आणि खालच्या गावांचे हितसंबंध तोलावे लागतात आणि ज्यांनी पैसा दिला नाही त्यांनाही संरक्षणाबाहेर ठेवता येत नाही. बाजाराला हे साधत नाही. सक्तीचा अधिकार आणि साऱ्या खोऱ्याचे भान असलेली सत्ताच ते करू शकते.

राज्यघटनेच्या राज्य सूचीतील १७ व्या नोंदीने पाणीपुरवठा, सिंचन, जलनिस्सारण, बांध आणि जलसाठा हे विषय राज्यांकडे दिले आहेत. आंतरराज्य नद्यांचे नियमन संघ सूचीतील ५६ व्या नोंदीनुसार केंद्राच्या अखत्यारीत येऊ शकते आणि त्यासाठी १९५६ सालीच नदी मंडळ अधिनियम झाला. पण त्या कायद्याखाली खोऱ्याचा कारभार खरोखर पाहणारे मंडळ उभे राहिले नाही. कृष्णेसारखी नदी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातून वाहते. तिच्या पुराचा विचार मात्र राज्याच्या हद्दीवर थांबतो.

३. पहिले अंग : बांधणी

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचे काम पुरते झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती आणि तिच्या दरवाजांची यंत्रणा अपुरी होती. अर्धवट उघड्या दरवाजांखालून उसळणाऱ्या प्रवाहाने मोरी खचली, तिच्यावरचा मातीचा भराव बसला आणि धरणाचा माथा पाण्याच्या पातळीकडे सरकू लागला. ११ तारखेच्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. पोत्यांनी काही तास मिळवून दिले. घाईने घेतलेल्या निर्णयाची दुरुस्ती पोत्यांनी होणार नव्हती.

बांधणीतली जबाबदारी दुहेरी आहे. काम मजबूत असणे ही तिची एक बाजू; किती मोठ्या पुरापर्यंत हे काम संरक्षण देईल हे आधी ठरवणे आणि लोकांना सांगणे ही दुसरी. '१०० वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटले की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा समज होतो. त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची शक्यता तेवढ्याच काळात ७० टक्क्यांवर जाते. घरकर्जाची मुदत साधारण वीस-तीस वर्षांची असते. कर्ज काढून नदीकाठी घर घेणाऱ्या कुटुंबाला ही टक्केवारी सांगितली जात नाही आणि हा शासनाच्या कर्तव्यातला कसूर आहे.

४. दुसरे अंग : निगा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच जागी नवा पूल वाहतुकीस खुला झाला. म्हणजे ठरवले तर पैसा, यंत्रणा आणि कौशल्य हे सारे वर्षाच्या आत उभे राहते. जुन्या पुलाच्या वाट्याला ही तत्परता तो उभा असताना यायला हवी होती.

निगा दुर्लक्षित राहण्याचे एक तांत्रिक कारणही समजून घेतले पाहिजे. पुरात पुलाच्या खांबाभोवती पाण्याला भोवरा पडतो आणि तळातली वाळू-माती उपसली जाते. पूर उतरताना तोच खड्डा सैल गाळाने पुन्हा भरतो. डिसेंबरात पुलावरून पाहणी करणाऱ्याला तळ सपाट आणि खांब सरळ दिसतो. पायाखाली मात्र गाळाशिवाय काही उरलेले नसते. त्यामुळे डोळ्यांनी पाहून 'पूल सुस्थितीत' असा शेरा मारणे याला तपासणी म्हणता येत नाही. तळाची खोली मोजणे, मागच्या वर्षीच्या मोजमापाशी ताडणे आणि ती नोंद लोकांना पाहता येणे, हे तपासणीचे किमान घटक आहेत.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा येथे कोसी नदीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीत सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते; रचना होती साडेनऊ लाख क्युसेकसाठी. क्षमतेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्याने तटबंध गेला असेल, तर तेथे पुराच्या आकाराची सबब टिकत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची तपासणी बंधनकारक केली, हे योग्यच झाले. पण तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना लागू आहे. गावोगावचे पाझर तलाव आणि छोटे बंधारे बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

५. तिसरे अंग : परिचालन

कोयना धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. पावसाळा संपताना धरण भरलेले असावे, ही वीज आणि सिंचनाची गरज आहे. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर धरणात जागा मोकळी असावी, ही धरणाखालच्या कराड-सांगलीची गरज आहे. एकाच धरणाकडून या दोन्ही अपेक्षा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. मध्यरात्री पाणलोटातल्या नवजा आणि महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकांचे आकडे हातात घेऊन बसलेल्या अभियंत्याने लवकर पाणी सोडले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर टंचाईचा ठपका त्याच्यावर. थांबला आणि पाऊस वाढला, तर पुराचा ठपकाही त्याच्यावरच. इतका राजकीय तोल एका अधिकाऱ्याच्या मनगटावर टाकणे अन्यायाचे आहे. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची सूची आधी ठरलेली, जाहीर झालेली आणि मंत्रिमंडळाने पत्करलेली असली पाहिजे. सूचीपासून फारकत घ्यावी लागली, तर त्याची कारणे त्याच दिवशी लेखी नोंदली गेली पाहिजेत.

राधानगरी धरणाला तर स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात. तेथे आयत्या वेळी निर्णयाला फारसा वाव नाही, म्हणून आधीचे नियोजन अधिकच मोलाचे ठरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांवर गेली. पण 'पाणी ५० फुटांवर जाणार' या इशाऱ्याने माणूस घर सोडेलच असे नाही. आपल्या उंबऱ्याला पाणी किती फुटांना लागते हे त्याला ठाऊक असले पाहिजे. गल्लीगल्लीत खांबांवर त्या पातळ्या रंगवणे आणि फुटागणिक कोणता भाग बुडतो याचा नकाशा प्रत्येक प्रभागात लावणे याला अगदी थोडा खर्च येतो आणि त्याने माणसे वाचतात.

६. चौथे अंग : नियमन

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदाच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. तत्त्व स्वच्छ आहे. केंद्राने १९७५ साली पूरक्षेत्र नियमनाच्या कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडला. बहुतेक राज्यांनी तसा कायदा केला नाही आणि आपल्याकडेही कारभार मुख्यतः परिपत्रकांवर चालतो.

त्याहून गंभीर बाब अशी की पूरक्षेत्रात शिरणाऱ्यांत शासन स्वतः पुढे असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने मुंबईचे हाल केले. त्या नदीकाठी झोपड्या होत्या हे खरे. पण विमानतळाची धावपट्टी नदीवर होती आणि वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या खाजणात भराव घालून उभारले होते. कोल्हापुरात २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. त्या रस्त्याच्या भरावाने पंचगंगेचे पाणी तुंबते, अशी भोवतालच्या गावांची तक्रार आहे. पूरक्षेत्रातून जाणारा रस्त्याचा प्रत्येक भराव पाण्याच्या दृष्टीने बांधच असतो. तेव्हा रस्ते, रेल्वे, नदीकाठ सुशोभीकरण अशा प्रत्येक सार्वजनिक बांधकामाला पाण्याच्या वाटेची स्वतंत्र तपासणी लागू झाली पाहिजे आणि ती बांधकाम करणाऱ्या खात्याने स्वतःच करून चालणार नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की अभूतपूर्व पावसापुढे कोणतेही शासन हतबल असते. रचनेच्या मर्यादेपलीकडचा पूर आला तर हा आक्षेप मान्य करावाच लागेल. पण तेव्हाही इशारा, स्थलांतर आणि होड्या ही कामे उरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. त्या मृत्यूंना केवळ पावसाचे कारण पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : संरक्षक कामांनीच पूर वाढतो. बिहारमध्ये १९५० च्या दशकात सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर धरले जाई. पुढे तटबंध साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडे गेले आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरांवर पोचले. यातून जबाबदारी कमी होत नाही, उलट तिचे स्वरूप कळते : 'बांधू नका, नदीला जागा द्या' हा निर्णयही शासनालाच घ्यायचा असतो आणि त्यापायी उठणाऱ्या माणसांचे पुनर्वसनही त्यालाच करायचे असते.

तिसरा आक्षेप, लोक स्वतःच अतिक्रमण करतात. करतात. पण पूररेषेच्या आतल्या घराला बांधकाम परवाना, वीजजोडणी आणि घरपट्टीची पावती कोण देते, याचेही उत्तर याच आक्षेपात दडलेले आहे.

८. उत्तरदायित्वाची रचना

नेदरलँड्समध्ये १ फेब्रुवारी १९५३ च्या सागरी पुरात १,८३६ माणसे गेली. त्यानंतर तिथे मोठी कामे झाली; पण आपल्याला अधिक शिकण्याजोगी गोष्ट तिथल्या कारभारात आहे. संरक्षणाचे प्रमाण तिथे कायद्यात लिहिलेले आहे. मध्ययुगापासून चालत आलेली जलमंडळे निवडणुकीने बनतात आणि पाण्यासाठी स्वतंत्र कर घेतात. त्यामुळे बंधाऱ्याच्या निगेचा पैसा शाळा-इस्पितळांशी स्पर्धा करत नाही आणि निगेत कसूर झाली तर मतदाराला कोणाला जाब विचारायचा हे माहीत असते.

आपल्याकडे आपत्तीनंतर बहुधा समिती बसते. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली आयोग नेमला, तर त्याचा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. प्रशासकीय आदेशाने अभ्यास समिती नेमली की हे बंधन उरत नाही. शिफारशी कागदावर राहतात आणि पुढच्या पुरात त्याच पुन्हा लिहिल्या जातात. यावर उपाय अवघड नाहीत. पूरविषयक प्रत्येक समितीला तेच सहा महिन्यांचे बंधन घालावे. प्रत्येक धरण, पूल आणि बंधाऱ्याची रचनाक्षमता, शेवटची तपासणी आणि जबाबदार अभियंत्याचे पद त्या जागी फलकावर आणि ग्रामसभेपुढे मांडावे. निगेसाठी वेगळे लेखाशीर्ष करून तो निधी इतरत्र वळवण्यास मनाई करावी. पूररेषेला कायद्याचे बळ द्यावे आणि तो कायदा सर्वप्रथम सरकारी बांधकामांना लावावा.

पूर येणारच नाही, असे वचन शासन देऊ शकत नाही आणि तशी मागणीही कोणी करू नये. काय बांधले आहे, ते किती टिकेल, पाणी केव्हा सुटेल आणि कोठे राहणे धोक्याचे आहे, एवढे खरे सांगण्याचे आणि त्याप्रमाणे वागण्याचे वचन मात्र ते देऊ शकते. कर भरणाऱ्या आणि नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाने ते लेखी मागावे, आणि दर जूनच्या आधी मागावे.