प्रमाणित परिचर्या साहाय्यक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वृद्ध, अपंग व दीर्घकाळ आजारी व्यक्तींची दैनंदिन शुश्रूषा परिचारिकेच्या देखरेखीखाली करणारा प्रशिक्षित सेवक. अंघोळ घालणे, भरविणे, कूस पालटणे, शौचास नेणे, नाडी व तापमान नोंदविणे ही त्याची कामे होत. या व्यवसायात स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. काम जुने असले, तरी देशभर लागू होणारे प्रमाणपत्र त्यास १९८७ च्या कायद्याने मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात परिचारिका सैन्यात गेल्याने नागरी रुग्णालयांत त्यांचा तुटवडा पडला. तेव्हा १९४१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसने स्वयंसेवी साहाय्यकांचे दल उभारून त्यांना ८० तासांचे शिक्षण दिले. पुढे १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या शासकीय योजना आल्या आणि त्यांच्या पैशावर शुश्रूषागृहे झपाट्याने वाढली. (महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खाजगी रुग्णालय, तेथे मात्र वृद्धांचे दीर्घकालीन निवासस्थान, असा अर्थ आहे.) तेथील बहुतेक शुश्रूषा साहाय्यकांच्याच हातून होई, परंतु त्यांना काय यावे, याविषयी देशव्यापी दंडक नव्हता. शय्याव्रण, अस्वच्छता, वृद्धांना खाटेस वा खुर्चीस बांधून ठेवणे या गोष्टी सर्रास आढळत. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या १९८६ च्या अहवालाने या दुरवस्थेवर बोट ठेवले व त्यातून १९८७ चा कायदा झाला.

मेडिकेअर वा मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांतील साहाय्यकास या कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली. पैकी १६ तासांचे शिक्षण निवासी व्यक्तीशी प्रत्यक्ष संबंध येण्यापूर्वीच द्यावे लागते. त्यात संसर्गप्रतिबंधाबरोबर निवाशांच्या हक्कांचाही समावेश आहे. प्रत्येक राज्यात साहाय्यकांची नोंदवही असते व छळ, हयगय किंवा मालमत्तेचा अपहार सिद्ध झाल्यास तीत तशी नोंद होते. सलग २४ महिने सवेतन काम न केल्यास पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते.

शांतताकाळातील ही किमान मर्यादा युद्धकालीन स्वयंसेविकांच्या शिक्षणाहूनही कमी आहे, हे लक्षणीय होय. ती १२० तासांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस २००८ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेच केली. अनेक राज्यांनी आपापली मर्यादा वाढविली. संघीय मर्यादा मात्र तशीच राहिली. उलट कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, मनुष्यबळाअभावी प्रशिक्षणाची अटच तात्पुरती शिथिल करावी लागली. प्रत्येक निवाशाला साहाय्यकांकडून दररोज सरासरी किमान २·४५ तासांची शुश्रूषा मिळावी, असा नियम २०२४ मध्ये करण्यात आला. तो २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने रद्द ठरविला.