फॉर्मवर नसलेला रकाना

१९७०च्या दशकात डोक्याला जबर मार बसलेले पेशंट जास्त संख्येनं वाचू लागले. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये १९७१ साली पहिल्यांदा सीटी स्कॅननं पेशंटच्या मेंदूचं चित्र दिसलं. १९७४मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून बेशुद्धी मोजायची पद्धत दिली.

डिस्चार्ज मिळे, पण घरी आलेला माणूस पहिल्यासारखा नसे. गॅस बंद केला का ते आठवत नाही, गर्दीत जीव घाबरतो, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो. त्याला न्यायचं कुठे? तो मनोरुग्ण नव्हता, जन्मजात मतिमंदही नव्हता. सरकारी फॉर्मवर त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

तो घरच्यांनी मिळवला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांची मुलगी १९७५ साली मोटार अपघातात जखमी झाली. उपचारांसाठी दारोदार फिरल्यावर स्पिव्हॅक यांनी १९८०मध्ये अशा कुटुंबांना जोडून ‘नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन’ उभं केलं. १९९०मध्ये विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूच्या आघाताला स्वतंत्र वर्ग मिळाला. १९९६मध्ये मेंदूच्या आघाताचाच वेगळा कायदा आला.

त्यातली एक अट लक्षात घेण्यासारखी होती. केंद्राचं अनुदान हवं असेल, तर राज्यानं सल्लागार मंडळ नेमायचं आणि त्यात आघातातून वाचलेली माणसं किंवा त्यांचे नातेवाईक मोठ्या संख्येनं घ्यायचे. सोयी कुठे अपुऱ्या पडतात हे सांगायला आता खुद्द पेशंट आणि त्याच्या घरचे अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं बैठकीला बसणार होते.

ब्रिटनमध्ये १९७९ साली अशाच पेशंटसाठी ‘हेडवे’ ही संस्था सुरू झाली. गावोगावच्या शाखांमध्ये लोक दिवसभर येऊन बसतात, स्वयंपाक करतात, पुन्हा चारचौघांत वावरायला शिकतात. पूर्व लंडनच्या शाखेत तर चित्रकलेचा स्टुडिओच आहे. आघातानंतर अनेकांची जीभ जड होते, तोल जातो, आणि पोलीस त्यांना दारुडे समजतात. म्हणून २०१७मध्ये संस्थेनं ओळखपत्र काढलं. त्यावर फोटो आणि त्या माणसाच्या नेमक्या अडचणी असतात. बोलणं सुचेनासं झालं की कार्ड पुढे करायचं.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अपघातात मेंदूला झालेल्या इजेचं मात्र स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला ती चालण्याच्या, बोलण्याच्या किंवा बुद्धीच्या अडचणीखाली बसवून घ्यावी लागते.