बॅले कंपनीत रिॲलिटी टीव्हीचा कॅमेरा शिरतो, तेव्हा काय दिसतं?

डान्स रिॲलिटी शो म्हटलं की आपल्याला 'एका पेक्षा एक' किंवा 'डान्स इंडिया डान्स' आठवतो. परीक्षक, गुण आणि शेवटी कोण बाहेर जाणार याची धाकधूक. अमेरिकेत मे २०१२ मध्ये 'द सीडब्ल्यू' वाहिनीवर सुरू झालेल्या 'ब्रेकिंग पॉइंट' या मालिकेत यातलं काहीच नव्हतं. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी इथल्या 'बॅले वेस्ट' कंपनीत कॅमेरे नेले गेले आणि नर्तकांचं रोजचं आयुष्य टिपलं गेलं. नावात श्लेष आहे. 'ब्रेकिंग पॉइंट' म्हणजे सहनशक्ती संपण्याची वेळ आणि 'पॉइंट' म्हणजे बॅलेरिनांचं पायाच्या टोकावर उभं राहून नाचणं.

बॅले वेस्ट ही कंपनी विलम ख्रिस्टेनसन यांनी १९६३ मध्ये सुरू केली. त्याआधी १९४४ साली याच ख्रिस्टेनसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'नटक्रॅकर' हा बॅले अमेरिकेत पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात बसवला होता. मालिका पाहून मात्र यातलं फारसं कळत नाही.

स्पर्धा नाही, मग नाट्य कुठून आलं?

करारातून. बॅले कंपनीत नर्तकांची उतरंड असते. सगळ्यात खाली समूहात नाचणारे 'कोर द बॅले', मग सोलोइस्ट आणि सगळ्यात वर प्रिन्सिपल. बहुतेकांचा करार एका हंगामापुरताच. पुढचा करार मिळणार का, बढती मिळणार का, हे कलात्मक संचालक ठरवतो. बॅले वेस्टमध्ये ते ॲडम स्क्लूट होते. पहिल्या सीझनमध्ये केटी मार्टिन या नर्तकीचा करार वाढवला गेला नाही, आणि तो धक्का कॅमेऱ्यासमोरच तिच्या वाट्याला आला. टीव्हीच्या भाषेत हे 'एलिमिनेशन'च. फरक इतकाच की इथे नोकरी जाते, अनेकदा शहरही सोडावं लागतं.

मालिकेतला हा भाग सगळ्यात खरा वाटतो. बॅलेचं सौंदर्य सगळ्यांनाच माहीत असतं. त्यामागची कंत्राटी नोकरी क्वचितच कोणी दाखवतं.

कॅमेऱ्याने काय गाळलं?

मुख्य म्हणजे नाच. सादरीकरणाचे तुकडे येतात आणि लगेच कट होऊन कुणाची तरी प्रतिक्रिया दिसते. नर्तकांचा दिवस सुरू होतो तो बार धरून केलेल्या सरावाने, मग तासन्‌तास तालीम. हे काम कंटाळवाणं, तेच ते आणि दुखरं असतं. त्यात कथानक नसतं, म्हणून ते मागे पडतं. पुढे येतात ती प्रेमप्रकरणं. रेक्स टिल्टन आणि ॲलिसन डीबोना यांचं 'आहे की नाही' असं नातं भागामागून भाग ताणलं गेलं. अनुभवी प्रिन्सिपल क्रिस्टियाना बेनेट आणि झपाट्याने वर येणारी बेकॅन सिस्क यांना शेजारी ठेवून जुनी विरुद्ध नवी असा सामना रंगवला गेला. कंपनीत चुरस असते, हे खरंच. पण हीच माणसं रोज संध्याकाळी एकाच रांगेत, एकाच श्वासात नाचतात. त्यासाठी लागणारा विश्वास संपादनात हरवतो. ('ब्लॅक स्वान' हा सिनेमा २०१० मध्येच येऊन गेला होता, त्यामुळे प्रेक्षकाला मत्सरी बॅलेरिना आधीच ओळखीची होती.) मालिका दोन सीझननंतर, २०१३ मध्ये थांबली. ॲलिसन आणि रेक्स यांनी मात्र पुढे लग्न केलं.

दुसरी पद्धत

फ्रेडरिक वाइजमन यांचे 'बॅले' (१९९५) आणि पॅरिस ऑपेरा बॅलेवरचा 'ला डान्स' (२००९) हे माहितीपट निवेदनाशिवाय, मुलाखतींशिवाय नुसती तालीम दाखवत राहतात. ते पाहायला धीर लागतो.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बीबीसीची २०११ मधली इंग्लिश नॅशनल बॅलेवरची तीन भागांची मालिका बसते, 'ॲगनी अँड एक्स्टसी'. त्यात 'स्वान लेक'च्या तालमीत नृत्यदिग्दर्शक डेरेक डीन चाळिशीकडे झुकलेल्या दारिया क्लिमेंतोवा यांना ज्या शब्दांत झापतात, त्यावरून ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली. पण कॅमेरा तिथेच थांबला नाही. विशीतल्या वादिम मुंतागिरोवबरोबर क्लिमेंतोवा यांची जोडी कशी जुळत गेली, हेही त्याने टिपलं. ती जोडी क्लिमेंतोवा २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत रंगमंचावर टिकली.